गोळा न टाकता विझलेली आग

३ मार्च

चिरंजीवास आशीर्वाद.

हे पत्र आईचे आहे, पण त्याचा बराचसा भाग आमच्या ज्येष्ठांच्या निवासाच्या सुरक्षा समितीच्या सभासदाने लिहिला आहे असे समजून वाच. दोन्ही भूमिका एकाच शाईत लिहाव्या लागत आहेत, त्याला माझा इलाज नाही.

काल व्यवस्थापकांनी समितीपुढे एक पांढरा गोळा ठेवला. सोललेल्या नारळाएवढा, हातात घेतला तर त्याहून जड, भोवती वातीची पट्टी फिरवलेली. ते म्हणाले, "आगीत टाकायचा आणि बाजूला व्हायचं. वात पेटते, गोळा आपोआप फुटतो, आतली पावडर पसरते, आग खल्लास." मग त्यांनी खोक्यावरची वाक्ये मोठ्याने वाचली. कोणतीही आग. कोणीही टाकावा. शिकण्याची गरज नाही. खोक्याच्या तळाशी कारखान्याचा पत्ता होता. तो मला पाठ आहे, कारण त्या पत्त्यावर लिहिलेल्या माझ्या पत्रांना उत्तरे येत नाहीत.

मी उभी राहिले आणि सांगितले की उत्पादक माझा मुलगा आहे, आमचे बोलणे नाही, आणि या दोन्ही कारणांसाठी मला या निर्णयातून वगळावे. माया आणि राग, दोन्हींनी निवाडा सारखाच नासतो. अध्यक्ष जन्मभर बँकेत होते. त्यांना हरकती निकालात काढण्याची सवय आहे. ते म्हणाले, "प्रोफेसरबाई, पोटच्या पोराला तुम्ही कधी एक मार्क वाढवून दिला नसेल. गोळ्याला कुठून देणार?" सगळे हसले, हात वर झाले, आणि परीक्षणाचे काम माझ्याच गळ्यात पडले.

तू माझ्याशी बोलणे का टाकलेस ते मी जाणते. कारखान्याच्या उद्घाटनाला, पाहुण्यांच्या देखत, मी विचारले होते, "हे तपासलं कुणी?" तुला तो अपमान वाटला. मला तो प्रश्न वाटला होता आणि अजूनही वाटतो. तो वाद इथे उकरून काढायचा नाही.

वर्गात मी सांगत असे की पूर्वपक्ष मांडताना तो प्रतिपक्षाला स्वतःला मांडता आला असता त्याहून बळकट करून मांडावा, मगच खंडनाला हात घालावा. तेव्हा तुझे म्हणणे असे. आग विझवायचे लाल नळकांडे जड असते. त्याची पिन ओढावी लागते, नळी रोखावी लागते, दांडी दाबून धरावी लागते. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून यांतले काहीही होत नाही. गोळ्याला यांतले काहीही लागत नाही. हा युक्तिवाद चांगला आहे आणि त्यामागे कळकळ आहे, हेही मला दिसते.

तरी मला एवढे कळव. गोळ्याने आग विझते, हे तू कोणकोणत्या आगींवर पाहिलेस? तशीच आग पेटवून गोळा टाकला नाही, तर तिचे काय झाले? आणि कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर काय होते?

उत्तराची घाई आहे. आमच्या दुसऱ्या मजल्यासकट सगळीकडे व्यवस्थापकांनी गोळे लावूनही टाकले आहेत, प्रत्येक ओट्याशेजारी भिंतीवरच्या कड्यात एक. लाल नळकांडी भरायला म्हणून नेली ती परत आलेली नाहीत. तळमजल्यावरचे एक तेवढे उरले आहे. माझ्या शेजारणीचे पूर्वी दोरे आणि अस्तरांचे दुकान होते, म्हणून त्यांना सगळे मॅचिंगबाई म्हणतात. त्यांनी गोळ्याला झालरीचा अभ्रा शिवला. म्हणाल्या, "भिंत मोतिया, आणि हा असा ट्यूबलाइटसारखा पांढरा. डोळ्यांना टोचत होता हो." मी तो काढायला सांगितला. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलाची वस्तू आहे, जरा नटवली तर तुमचं काय गेलं?"

तुझी आई


१२ मार्च

चिरंजीवास आशीर्वाद.

तू आला नाहीस, भागीदाराला पाठवलेस. माणूस गोड बोलतो. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, पुढच्या रांगेत आम्ही. त्याने गोळा तळहातावर नाचवला आणि मला म्हणाला, "आजी, घाबरायचं काम नाही. हा गोळा नाही, नातू आहे तुमचा. हाक मारली की धावत येतो."

मी म्हटले, "नातू असता तर आधी त्याच्या आईने मला फोन केला असता." लोक हसले. तोही हसला, पण त्यानंतर त्याने माझ्याकडे पाहून बोलणे सोडले.

पत्र्याच्या उथळ थाळ्यात त्याने थोडे पेट्रोल ओतले आणि पेटवले. ज्वाला माणसाच्या उंचीची झाली. त्याने गोळा टाकला. कानाला दडा बसेल असा आवाज झाला, पांढरा ढग उठला, आणि तो विरला तेव्हा थाळा शांत होता. टाळ्या झाल्या. मॅचिंगबाईंनी तर शेजारच्यांना अभिमानाने सांगितले, "यांचा मुलगा."

मग मी विनंती केली की तेवढेच पेट्रोल त्याच थाळ्यात पुन्हा पेटवावे आणि या वेळी काहीही टाकू नये.

"मग दाखवायचं काय, आजी?"

"विझते का, ते."

तो व्यवस्थापकांकडे पाहू लागला. व्यवस्थापक आकाशाकडे. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "होऊन जाऊ दे एकदाचं, नाहीतर या आपल्याला जेवू देणार नाहीत." आग पेटली, तशीच माणसाच्या उंचीची. आम्ही सगळे बघत बसलो. कुणीतरी खोकले. ज्वाला गुडघ्यापर्यंत आली, मग थाळ्याच्या काठापर्यंत, मग एक निळसर कडा राहिली आणि तीही गेली. पहिल्या रांगेतल्यांच्या हातातला चहा अजून पिण्याजोगा गरम होता.

तुला लहानपणी कंटाळा येईपर्यंत शिकवले होते: जिथे कारण आहे तिथे कार्य आहे, एवढ्याने भागत नाही, जिथे कारण नाही तिथे कार्यही नाही, हे दाखवावे लागते. पहिला अन्वय, दुसरा व्यतिरेक. तुझ्या भागीदाराने अन्वय दाखवला, टाळ्या घेतल्या. व्यतिरेक मी मागितला आणि अंगणात एक आग गोळा न टाकता विझली. यावरून तुझा गोळा निकामी ठरत नाही. एवढेच ठरते की त्या दिवशी अंगणात आम्ही गोळ्याविषयी काहीच पाहिले नाही.

याबद्दल मला शाबासकी मिळाली असे समजू नकोस. जिन्यात मॅचिंगबाईंनी मला गाठले. "चारचौघांत लेकाची अब्रू घालवून काय मिळवलंत? आमच्या दुकानात गिऱ्हाईकाला रंग दाखवायला आम्हीसुद्धा दिव्याखालीच नेत होतो. माल विकायचा म्हटला की तेवढं चालतं."

"रंग फिका निघाला तर गिऱ्हाईक परत येतं," मी म्हटले. "इथलं गिऱ्हाईक कसं परत येणार?"

त्यांनी दार लावून घेतले. सूनबाईचा फोन आला. म्हणाली, "आई, तुमचं बरोबर असेल. पण तो दोन दिवस जेवताना ताटाकडे बघतो आणि उठतो."

माझ्या प्रश्नांची उत्तरे अजून यायची आहेत.

तुझी आई


१९ मार्च

चिरंजीवास आशीर्वाद.

तुझे पत्र आले. कारखान्याच्या छापील कागदावर, "महोदया" अशी सुरुवात, खाली पूर्ण सही. शिष्टाचाराला धरून आहे, तक्रार नाही. मजकूर एका वाक्याचा: "लाल नळकांडे स्वतः उचलून, पिन ओढून दाखवा, मग माझ्या वस्तूबद्दल बोला."

आव्हान योग्य आहे. मी तळमजल्यावर गेले.

त्याचे वर्णन टाळता आले असते तर टाळले असते. नळकांडे कड्यातून निघाले. ते खाली टेकवेपर्यंत माझ्या दंडातून कळ गेली. पिनेवर प्लास्टिकची पट्टी होती, ती तुटेना. मी दोन्ही अंगठे लावले. पट्टी तुटली, पिन जागची हलली नाही, आणि शेवटी द्वारपालाने खुर्ची पुढे केली. तेव्हा तुझ्या युक्तिवादाचा पहिला भाग मी पूर्ण मान्य करते. माझ्यासारख्या बाईच्या हातात लाल नळकांडे म्हणजे लाल रंगाची वस्तू, दुसरे काही नाही. समितीला मी तसे लिहून दिले आहे.

पण यापुढे तू जी उडी मारतोस ती मला मारता येत नाही. मला एक औषध गिळता येत नाही, यावरून दुसरे औषध गुणकारी ठरत नाही. ते गिळायला सोपे आहे, एवढेच ठरते.

म्हणून सुचवते. तुझ्या कारखान्यात, तुझ्या देखरेखीखाली, तुझ्या वस्तू आपण खऱ्या घरगुती आगींवर तपासू: कागदाची टोपली, लाकूड, सोफ्याची गादी, कढईतले तेल. थाळ्यातले पेट्रोल नको, कुणाच्या घरात थाळ्यात पेट्रोल नसते. गोळा मी टाकीन. तो कोणीही टाकावा असे खोक्यावर आहे, आणि कोणीही या शब्दात मी बसते. तुझा तो आगीवर मारायचा लहान फवारा आणि आगीवर फेकून फोडायची, पाण्यासारखे औषध भरलेली फुलदाणीही ठेव. जे चांगले निघेल ते चांगले म्हणून लिहीन. याबाबत माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी. माझ्याबद्दलच्या तुझ्या तक्रारींत ही कधी नव्हती.

समितीची सभा ७ एप्रिलला आहे.

तुझी आई


२९ मार्च

चिरंजीवास आशीर्वाद.

काल जे घडले ते तुला माहीत आहे, मग मी का लिहिते, असे तुला वाटेल. दोघांनी पाहिलेली गोष्ट दोघांना सारखीच आठवेल असे नाही, म्हणून लिहिते. चूक असेल तिथे दुरुस्त कर.

तू दारात उभा होतास. माझ्याशी न बोलता सूनबाईला म्हणालास, "त्यांना सांग, चष्म्याशिवाय आत यायचं नाही."

मी म्हटले, "माझ्या नाकावर काय आहे, विचार त्याला."

सूनबाई म्हणाली, "आई, तो कामाचा चष्मा म्हणतोय, जाड काचेचा. आणि तुम्ही दोघं मला मधला टेलिफोन समजू नका. माझं बिल कोण भरणार?" तुझ्या ओठाचा कोपरा हलला. मी पाहिले, पण त्याची नोंद अहवालात केलेली नाही.

कागदाच्या टोपलीवर तू फवारा मारलास. आग विझली आणि विझलेलीच राहिली. तशीच दुसरी टोपली पेटवून सोडली, तर ती तळापर्यंत जळाली. म्हणजे तिथे फवाऱ्याने खरोखर काम केले. मी ते तसेच लिहिले आहे. फुलदाणी फोडली तेव्हा औषध निम्मे जमिनीवर गेले, निम्मे आगीवर; टोपली विझली, काचा मात्र दारापर्यंत पसरल्या, आणि ते दार हीच पळायची वाट होती. लाकडाच्या मोळीवर गोळा फुटला, ज्वाला नाहीशी झाली, आपण सगळे खोकत राहिलो. तू वहीत "यशस्वी" असे लिहीत होतास, तेवढ्यात मोळीच्या पोटात लाल ठिपके दिसू लागले आणि ती पुन्हा पेटली. तू पेन खिशात ठेवलेस.

मग गादी. गोळा मी टाकला. माझ्या कुवतीने नीट टाकला. तो गादीवर आपटला, उसळला आणि घरंगळत भिंतीशी गेला. तिथे ज्वाला नव्हती, त्यामुळे वात पेटली नाही. गादी जळत राहिली आणि गोळा पलीकडे आगीकडे पाठ करून बसल्यासारखा पडून राहिला. तू सूनबाईला म्हणालास, "त्यांना सांग, जोरात टाकायचा नसतो." थोड्या वेळापूर्वी तू सांगितले होतेस की हळू टाकायचा नसतो. तुझे कामगार जमिनीकडे बघू लागले, म्हणून मी काही बोलले नाही.

राहिले तेल. कढई तापली, धूर आला, मग ज्वाला. तू दुसरा गोळा माझ्या हातात दिलास. मी पुढे झाले. खोक्यावरच्या चित्रातली बाई ओट्यापासून जेवढी लांब उभी आहे तेवढ्यावर थांबले आणि हात उचलला.

तू माझे मनगट धरलेस. "नको, आई. मागे हो."

मधे सूनबाई नव्हती. इतक्या काळाने तू माझ्याशी बोललेला पहिला शब्द "नको" हा होता. तू गोळा काढून घेतलास, मला खांद्याला धरून भिंतीपर्यंत मागे नेलेस आणि लांब दांडीने कढईवर झाकण सरकवलेस. ज्वाला झाकणाखाली गुदमरून गेली. तुझ्या कपाळावर घाम होता आणि तो उष्णतेचा नव्हता.

तेव्हा माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आहे. ते तू लिहिले नाहीस, तुझ्या हाताने दिलेस. गोळा तेलात फुटला तर तेल कुठे जाते, हे तू पाहिले आहेस, किंवा तुला तशी दाट शंका आहे. तरीही खोक्यावर "कोणतीही आग" असे आहे, आणि ज्या जागी तू मला उभे राहू दिले नाहीस त्याच जागी माझ्या मजल्यावरच्या बायका रोज उभ्या राहून तळण करतात.

निघताना तू दारापर्यंत आलास. म्हणालास, "मला थोडा वेळ दे. भागीदाराशी बोलतो. मीच माल मागे घेतो. तुझ्या तोंडून नको." मी हो म्हटले.

ते "हो" मी पाळीन. सभेपर्यंत चाचणीचा एक शब्दही मी कुणापाशी काढणार नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तराची संधी मिळण्याआधी निकाल फोडणे हा अन्याय आहे. आणि तू स्वतः माघार घेतलीस, तर लोकांना ती प्रामाणिकपणा म्हणून दिसेल, हरणे म्हणून नाही. मला तेच हवे आहे. आज सकाळी मॅचिंगबाईंनी राग सोडून विचारले, "काय हो, कसा निघाला तुमच्या लेकाचा गोळा?" मी म्हटले, "सभेत सांगेन." त्या म्हणाल्या, "बाई गं, केवढं ते गुपित. नवरी दाखवायचीये का?"

पण वेळ वाया घालवू नकोस.

तुझी आई


४ एप्रिल

चिरंजीवास.

आज दुपारी मॅचिंगबाईंच्या कढईतल्या तेलाने पेट घेतला. सूनबाईला फोनवर सांगितले आहे. तरी क्रमाने लिहिते, कारण उद्या प्रत्येक जण वेगळे सांगेल.

तेल तापत ठेवून त्या दारावर आलेल्या माणसाशी बोलत होत्या. मागे वळल्या तेव्हा ज्वाला होती. त्यांनी मला हाक मारली. हाक घाबरलेली नव्हती. मीठ मागावे तशी होती. "प्रोफेसरबाई, या जरा, आग लागलीये." मी त्यांच्या दारात पोचले तेव्हा त्यांनी गोळ्याचा अभ्रा काढून टाकला होता आणि गोळा दोन्ही हातांत धरला होता. मी "थांबा" म्हटले. माझा शब्द पोचण्याआधी गोळा सुटला होता.

नेम अचूक होता. गोळा कढईतच पडला. खोक्यावर "बाजूला व्हावे" असे लिहिले आहे. त्यांच्या पाठीमागे हातभर जागा, मग भिंत. त्या भिंतीला टेकल्या आणि गोळा फुटला.

तेल उडाले. उजव्या हातावर कोपरापासून बोटांपर्यंत, मानेवर, पडद्यावर. पडदा पेटला. अध्यक्ष आणि व्यवस्थापक तळमजल्यावरचे नळकांडे घेऊन धावत आले. एकाने पिन ओढली, दुसऱ्याने नळी धरली, आणि पडदा विझला. मी मॅचिंगबाईंना नळाखाली धरले. रुग्णवाहिका येईपर्यंत धरले. त्या शुद्धीत होत्या.

कढईतली आग गोळ्याने विझली. हे खरे आहे आणि तुझा भागीदार ते सांगेल, म्हणून मीच आधी सांगते.

डॉक्टर म्हणतात, जीव धोक्यात नाही. हाताबद्दल ते बोलत नाहीत.

आई


६ एप्रिल

चिरंजीवास आशीर्वाद.

तू खाली अंगणात आहेस. खिडकीतून दिसतोस. सकाळपासून मजल्यामजल्यावरचे गोळे कड्यांतून काढून खोक्यांत भरतो आहेस; दुसऱ्या मजल्यावर मात्र सूनबाईला पाठवलेस. ती इथे पाणी प्यायला बसली आहे. तिच्या हातून हे पत्र खाली येईल.

काल तुझा भागीदार मला भेटला. हातात फळे, चेहरा पडलेला. म्हणाला, "आजी, झालं ते वाईट झालं. पण मुळात चूक त्या कापडाच्या अभ्र्याची. त्याच्यामुळे वात दबली, गोळा उशिरा फुटला. तुम्ही अहवालात एवढं एक वाक्य घातलंत की तुमचा मुलगा वाचतो. त्यालाही हे पटलंय."

मी त्याला विचारले, "गोळा टाकला तेव्हा अभ्रा कुठे होता?"

"गोळ्यावरच असणार."

"उंबऱ्यात पडला होता. मी त्यावर पाय दिला, घसरणार होते, म्हणून उचलला. झालरीला जळल्याचा डाग नाही."

तो फळे घेऊन उठला. तुलाही ते पटले आहे, या त्याच्या वाक्यावर मी विश्वास ठेवलेला नाही. ठेवावा की नाही, हे मला त्याच्याकडून नको, तुझ्याकडून कळायला हवे. खोटे सांगून तू वाचशील, हे खरे आहे. ते वाक्य मी लिहिणार नाही, हेही तितकेच खरे आहे. आणि ते तू सभेत बोललास तर खोडायला मी उभी राहीन. तुला आधी सांगून ठेवते, म्हणजे तुला ते अचानक वाटणार नाही.

आता जे सांगते त्यासाठी हे पत्र आहे.

परवाच्या पत्रात मी सगळे क्रमाने लिहिले आणि एक गोष्ट गाळली. रुग्णवाहिकेत मी मॅचिंगबाईंचा डावा हात धरून बसले होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही काही बोलला नाहीत ना, तेव्हाच मी म्हटलं, गोळा चांगला असणार. वाईट असता तर तुम्ही गप्प बसणाऱ्यातल्या आहात का? पोटच्या पोराला सोडलं नाहीत तुम्ही त्या दिवशी अंगणात." एवढे बोलून त्या कळवळल्या. मग म्हणाल्या, "म्हणून तर बिनधास्त टाकला." त्या माझी स्तुती करत होत्या.

तेव्हापासून मी त्यांचे अनुमान उलटसुलट करून पाहते आहे. ही बाई दोष दिसला की बोलते. ही बाई बोलली नाही. म्हणून दोष नाही. त्यात मला खोट सापडत नाही. आयुष्यभर मी लोकांना माझ्याबद्दल जे गृहीत धरायला शिकवले, त्यावरूनच त्या चालल्या. मी निकाल जपून ठेवला, कारण तुला उत्तराची संधी हवी होती. तू वेळ मागितलास, कारण तुला भागीदाराशी बोलायचे होते. आपण दोघे एकमेकांशी फार न्यायाने वागलो. तिसरी बाई भिंतीच्या पलीकडे तेल तापवत होती आणि आपल्या न्यायात तिला जागा नव्हती. तिच्या दारावर टकटक करून "तेलावर गोळा टाकू नका, झाकण ठेवा" एवढे म्हणायला कोणत्याही समितीची परवानगी लागली नसती. तेवढ्याने तुझ्यावर निकाल दिला असे झाले नसते. हे मला २९ मार्चला कळायला हवे होते. मी तुझ्यासाठी एक सुंदर पत्र लिहीत होते.

तुझा दोष माझ्या दोषाने कमी होत नाही. माझा तुझ्याने होत नाही. बेरीज करू नकोस, वजाबाकीही नको.

आज सकाळी मी रुग्णालयात मॅचिंगबाईंना भेटून आले. हात पट्ट्यांत गुंडाळलेला आहे. बोटे हलतील, पण सुई धरतील की नाही हे आत्ता सांगता येत नाही, असे डॉक्टर मला बाहेर म्हणाले. आत त्या मला विचारत होत्या, तुमच्या मुलाचा धंदा बुडणार तर नाही ना. "माझ्यामुळे नको हो. तेलावर लक्ष ठेवायला हवं होतं मी." मी तिथे बोलायला हवे होते. मी म्हटले, "आराम करा," आणि उठून आले.

त्यांना अजून माहीत नाही की चाचणी आधीच झाली होती. त्यांना माहीत नाही की कढईजवळ तू मला उभे राहू दिले नव्हतेस. उद्या सभेत मी ते वाचणार आहे, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी ते त्यांच्या खाटेपाशी नेऊन पोचवेल. त्या अजून स्वतःला दोष देत पडून आहेत. हे त्यांना अहवालातून कळता कामा नये, शेजाऱ्यांकडून तर नाहीच.

तेव्हा उरलेले गोळे सूनबाई आणि द्वारपाल उतरवतील. तू हात धू. अंगावर पावडर आहे, शर्ट बदल. तो वास त्यांना ओळखता येईल. रुग्णालयात भेटीची वेळ दुपारी पुन्हा सुरू होते. मी जिना उतरायला वेळ घेते, फाटकापाशी थांब. खाटेच्या डाव्या बाजूला दोन खुर्च्या मावतात.

पहिले वाक्य मी बोलेन. दुसरे तुझे आहे, आणि ते काय असावे हे मी तुला सांगणार नाही.

तुझी आई